गोटमारीचं चौथं घर

२२ जुलै १९८४, रविवार

ही वही सरांनी दिली. सर म्हणजे पांढरीपांडे. नागपूरच्या कॉलेजात शिकवतात अन् मागच्या सोमवारपासून आमच्या समोरच्या खोलीत राहून राहिले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत गोटमार होते ती पाहाले आले. पाहाणारे दरसाल येतात, पण एका दिवसापुरते. हा माणूस दीड महिना आधी येऊन बसला. मी म्हटलं, आतापासून काय पाहाल, नदीत म्हशी बसल्या आहेत.

म्हणे, बाई, गोटमारीबद्दल घरात, हापशीवर जे कानावर पडेल ते लिहून ठेवा, मग मला द्या. मी तिसरी शिकली. लिहीन. देणार नाही.

नदीच्या मधात पळसाचं झाड रोवतात, त्याले झेंडा म्हणतात. इकडून पांढुर्ण्याचे तो तोडून आणाले पाहातात, तिकडून सावरगावचे आणू देत नाहीत. दोघांच्या हातात गोटे. सकाळपासून दिवस बुडेपर्यंत. हे मी काहून लिहून राहिली? सगळ्याले माहीत आहे. सर म्हणे माहीत असलेलंही लिहा.

मग हेही लिहिते. आमच्या ह्यांचा डावा डोळा एकसष्ट साली त्या नदीत गेला. शालिकरामजीले, म्हणजे ह्यांनाच विचारा, अजूनही छाती काढून सांगतात. अन् यंदा माझ्या देवीदासचं नाव झेंडा तोडणाऱ्या टोळीत आहे. एकवीस वर्षांचा पोट्टा, दोन डोळ्यांचा. या घरानं एक डोळा दिला. दुसरा मी देणार नाही.

२६ जुलै, गुरुवार

डोकं उठलं. सर दिवसभर एकच गोष्ट विचारत फिरले, सत्तावन साली काय झालं. त्या साली गोटमार भर दुपारी थांबली होती. झेंडा तसाच उभा, कोणी जिंकलं नाही, अन् दोन्हीकडच्यांनी गोटे खाली ठेवले. आधी असं कधी झालं नाही अन् नंतरही नाही. सर म्हणे, मला तेच शोधायचं आहे. दरसाल होते ते सोपं आहे, एकदाच झालं ते कसं झालं?

म्हातारे बापूजी म्हणे चंडीमायनं हात फिरवला. यशवंतराव, जुने हेडमास्तर, म्हणे दोन्ही गावच्या पाटलांचा आतून करार होता. आमचे हे म्हणे सावरगावचे भ्याले. हे सगळ्याच गोष्टीले तेच म्हणतात.

मग मले विचारलं, तुम्ही तेव्हा कुठं होत्या. मी म्हटलं, नदीतच. सतरा वर्षांची होती, लग्नाले तीन महिने झाले होते. माहेर सावरगाव, सासर पांढुर्णा. इकडून हे मारून राहिले, तिकडून माझा दादा मारून राहिला. दुपारी सासूनं भाकर बांधून देली, जा त्याले दे. देली. मग ध्यानात आलं का दादा उपाशी असन, आमची माय तवा तापानं पडली होती, घरी कोण रांधणार. उरलेली भाकर घेऊन मी नदी ओलांडली अन् त्याले देली. तो खाईपर्यंत तिथंच बसली.

सर ऐकत होते, पण पेन चालत नव्हता. म्हणे, ते ठीक आहे, पण थांबलं तेव्हा लढणारे कुठं उभे होते ते हवं होतं. बायका यात खेळाडू नाहीत ना. मी म्हटलं नाहीत. अन् भांडे घासाले गेली.

२ ऑगस्ट

आज सरांनी ओसरीवर खडूनं चौकट काढली. सकाळीच सारवलेलं होतं. चार घरं. एका घरात दोन्ही गावं गोटे मारतात. दुसऱ्यात आपण मारतो, ते थांबतात. तिसऱ्यात ते मारतात, आपण थांबतो. चौथ्यात दोघंही थांबतात. म्हणे दरसाल गाडी पहिल्याच घरात जाऊन बसते, चौथ्या घरात फक्त सत्तावन साली गेली. मग प्रत्येक घरात आकडे लिहिले. झेंडा मिळाला तर अधिक पाच. गावात नाव झालं अधिक तीन. डोळा गेला तर उणे दहा.

मी विचारलं, डोळ्याचे दहा कोणी ठरवले? म्हणे, धरून चालायचं. मी म्हटलं, आत शालिकरामजी झोपले आहेत, त्यांच्या सोबत धरून चाला.

पण एक गोष्ट मी विचारून घेतली.

"याच्यात माझा पोट्टा कुठं हाये?"

"या पहिल्या घरात. बाकीचे जातात म्हणून तो जाणार. तो जातो म्हणून बाकीचे जाणार."

"मंग पहिले घरी कोन बसन?"

"कोणीच नाही. जो पहिला बसेल त्याला गाव भित्रा म्हणेल. तीच तर अडचण आहे."

"हे सांगाले तुम्ही नागपूरहून आले?"

सर हसले. मले हसू आलं नाही. हे तं मलेही माहीत होतं, अन् ते समजाले मले खडू लागला नव्हता.

५ ऑगस्ट

देवीदाससोबत बोलली. म्हटलं, यंदा जाऊ नको. म्हणे, माय, टोळीत नाव देलं. म्हटलं, काढ नाव. म्हणे, गुलाब घरी बसला तं मीही बसतो. अन् हसला, कारण त्याले माहीत आहे गुलाब बसणार नाही. गुलाब म्हणजे माझ्या दादाचा पोरगा, सावरगावचा. दोघं सौंसरच्या कॉलेजात एका बाकावर बसतात, एका बसनं येतात-जातात, अन् त्या एका दिवशी एकमेकाले गोटे मारतात. वरून दुसऱ्या दिवशी एकमेकाची जखम पाहाले जातात. याले काय म्हणावं?

दादाशी माझं चार वर्षांपासून बोलणं नाही. ह्यांनी एका साली झेंडा मिळाल्यावर त्याच्या दारासमोर नाच केला होता. त्याच्यानंतर दादा भाऊबीजेले आला नाही अन् मी राखी धाडली नाही.

११ ऑगस्ट, राखी

गेली. ह्यांना सांगितलं नाही. सर जेवून राहिले होते, त्यांच्या ताटात पोळी टाकली अन् निघाली.

दादाची दाढी पांढरी झाली. नत्थूजी दादा म्हणजे सावरगावात मोठा माणूस, पण मले पाहून उठताना पायात चप्पल उलटी घातली. वहिनी शांताबाई पाणी घेऊन आली अन् उभीच राहिली. मी राखी बांधली, मग सरळ बोलली. म्हटलं, ओवाळणी नको. तू गुलाबले घरी ठेव, मी देवीदासले ठेवते.

दादा लगेच हो म्हणे. लगेच हो म्हणे म्हणून मले शंका आली. दादा लहानपणापासून चिंचा वाटतानाही लगेच हो म्हणे, अन् मग चिंचा त्याच्याच खिशात निघत.

निघताना त्यानं विचारलं, "पन तू खरंच ठेवशीन ना? का माझा पोट्टा घरात, अन् तुझा झेंड्याजवळ?"

म्हणजे त्यालेही माझी तीच शंका. एका मायच्या पोटचे आहोत.

१२ ऑगस्ट

सरांना विचारलं. न विचारता सांगन असा तो माणूस नाही, एवढी शिकवणी करतो पण कामाचं विचारावं लागते. दोन माणसं वचन देतात अन् दोघांचाही एकमेकावर भरवसा नाही, तं काय करायचं?

सर एकदम उठून बसले. म्हणे, बाई, याच्यावर तर मोठमोठी पुस्तकं आहेत. वचन तोंडचं असलं की मोडणं सोपं. काहीतरी समोरच्याच्या हातात द्यावं लागतं. जुने राजे तह केला की आपला मुलगा शत्रूच्या घरी ठेवत अन् त्याचा आपल्या घरी. ओलीस.

मग बराच वेळ ते कोणकोणत्या राजांचं सांगत राहिले. मी पुढचं ऐकलं नाही. मी विचार करून राहिली होती का गुलाबले झोपाले कुठं जागा करू.

१९ ऑगस्ट

ठरलं. दादानं निरोप धाडला, पोळ्याले भाचा माझ्या घरी पाहिजे, बैल धराले. मामाच्या बोलावण्याले भाचा नाही म्हणत नाही. अन् मी गुलाबले आत्याच्या घरचं जेवणाचं आवतन धाडलं. पोळ्याच्या रात्री दोघं परक्या गावात झोपतील. सकाळी नदीत गोटे सुरू झाले का पुलावरूनही इकडचा माणूस तिकडं जात नाही. अडकले. दिवस बुडाला का या आपापल्या घरी.

हे ऐकून आमच्या ह्यांनी जेवण अर्ध्यावर सोडलं. म्हणे, माझा पोरगा सावरगावात? त्या दिवशी? म्हटलं, तुमच्या जवळ एक डोळा आहे, त्यानं माझ्याकडं नीट पाहा अन् मग नाही म्हणा. नाही म्हटलं नाही. पण दोन दिवस झाले, भाजीत मीठ नाही म्हणून राहिले. मीठ आहे.

सर लय खुश. वहीत उतरवून घेतलं. म्हणे, बाई, तुम्ही माझा अर्धा प्रबंध लिहिला. म्हटलं, उरलेला अर्धा तुम्ही लिहा, पण ओसरीवर लिहू नका.

२५ ऑगस्ट, शनिवार

बैलांच्या खांद्याले हळद-लोणी लावलं, उद्या जेवाले या म्हणून आवतन देलं. बैलाले आवतन देलं का बैल येतो. माणसाचं सांगता येत नाही.

देवीदास सांजेले पिशवी घेऊन गेला. तोंड एवढं मोठं. टोळीतले पोट्टे नाक्यावर उभे होते, एकानं विचारलं, काहून, आहेर घेऊन चालला का बे? मले दारातून ऐकू आलं. पोट्टा खाली मान घालून गेला. त्याच्या मानेकडं पाहून मले वाटलं, परत बोलवावं. बोलावलं नाही.

२६ ऑगस्ट, पोळा

गुलाब आला. अकरा पुरणाच्या पोळ्या खाल्ल्या. पोट्टा चांगला आहे, ताट उचलून ठेवतो. आपला कधी ठेवत नाही.

२७ ऑगस्ट, सोमवार. गोटमार

आजचं आजच लिहिते.

सकाळी गुलाब म्हणे, आत्या, बैल पाहून येतो. गेला तो गेलाच. बैल गोठ्यात. मी तिकडं पाहाले गेली तं फक्त बैल. मले वाटलं पळाला, पुलावरून आपल्या गावाले गेला असन, अन् दादानं दगा देला. मनात दादाले जे बोलली ते इथं लिहीत नाही.

अकरा वाजता शेजारची देवकाबाई धापा टाकत आली. नदीवरून आली होती.

"जयवंताबाई, तुझा भाचा आपल्या बाजूनं गोटे मारून राहिला."

"कोन्या बाजूनं?"

"आपल्या. अन् तुझा देवीदास तिकडून, सावरगावच्या बाजूनं."

मी पायरीवर बसली. सरांचे राजे, त्यांचे ओलीस, अष्टाचंग्यासारखी ती चार घरं, माझी राखी, चार वर्षांचा राग गिळला तो, सगळं कशासाठी? दोघं बसले नाहीत ते नाहीतच, वरून बाजू बदलून बसले.

मी उठली, भाकरी बांधल्या, बेसन बांधलं, कालच्या पोळ्या बांधल्या. गुलाब उपाशी निघाला होता. घरी आलेला पोट्टा उपाशी राहिला तं वहिनी जन्मभर बोलन. अन् कान तं ओढायचाच होता, भाकरीनं हात अडत नाही.

नदीवर गर्दी एवढी का मुंगी शिराले जागा नाही. बापूजीच्या गच्चीवर सर उभे, गळ्यात दुर्बीण, हातात घड्याळ. गुलाब पाण्याच्या काठाशी सापडला. कान धरला, बसवला, भाकर हातात देली. तोंडात घास असतानाच विचारलं, तुले लाज नाही वाटत, आपल्या गावाले मारतोस?

म्हणे, "आत्या, ज्याच्या घरचं पुरन खाल्लं त्याच्याच बाजूनं मारा लागते ना. देवीदासही तेच म्हने."

म्हणजे दोघांचं आधीच ठरलं होतं. सौंसरच्या बसमधे.

"अन् मारलं कोनाले?"

"कोनाले मारू? समोर माहेच काके हायेत. पान्यात टाकून राहिलो सकाळपासून."

मी काही बोलाच्या आत पलीकडं देवीदास दिसला. डोक्याले दुपट्टा बांधला होता अन् दुपट्टा लाल होता. आमच्या बाजूचाच गोटा लागला असन, त्याच्याच टोळीतल्या कोणाचा तरी. तोही पाण्यातच टाकून राहिला होता, पण बाकीचे थोडेच पाण्यात टाकत होते.

मी पाण्यात उतरली. हातात बाकीच्या भाकरी तशाच. पाणी गुडघ्यावर होतं. खालचे गोटे बुळबुळीत, म्हणून मी पायाकडंच पाहत होती. मधात झेंड्याजवळ पाय घसरला, लुगडं कमरेपर्यंत ओलं झालं, मी शिव्या देल्या. कोणाले देल्या माहीत नाही. दोन्ही गावांना देल्या असतील.

तिकडं पोचली. दुपट्टा सोडला. भिवईच्या वर फाटलं होतं, दोन बोटं वर. डोळा जागेवर. मी त्याच्या डोळ्यासमोर बोट धरून विचारलं, किती? म्हणे, एक, माय. मग मी थापड मारली.

दादा धावत आला. तोही उपाशी. मी भाकर त्याच्या हातात देली. तो उभ्या उभ्या खाऊन राहिला अन् माझ्या पोट्ट्याचं डोकं पोटाशी धरून राहिला. मी म्हटलं, बसून खा. म्हणे, बसाले वेळ नाही, याले टाके घालाले नेऊ. मग आम्ही त्याले घेऊन वर चढलो, पुलाकडं निघालो; जखमीले तिथं कोणी अडवत नाही.

रस्त्याले लागलो तवा मागं गोट्यांचा आवाज सुरू झाला. तवा मले समजलं का मधात आवाज नव्हता.

२८ ऑगस्ट

पाच टाके. डोळ्याले काही नाही, दवाखान्यात दोनदा विचारून घेतलं. देवीदास पडला आहे अन् गुलाब त्याच्या उशाशी बसून संत्र्याची गोळी चोखून राहिला. आमचे हे काल झेंडा मिळाला म्हणून खुश आहेत, पण मोठ्यानं नाचले नाहीत. दादा रात्री इथंच जेवला. ह्यांनी स्वतः त्याच्या हातावर पाणी टाकलं. भाजीत मीठ बरोबर होतं म्हणे.

सर सकाळपासून मागं लागले आहेत. म्हणे, बाई, काल अकरा मिनिटं एकही गोटा उडाला नाही. तुम्ही पाण्यात उतरल्यापासून वर चढेपर्यंत. मी घड्याळ लावून पाहिलं. म्हटलं, असन. मी पायाकडं पाहत होती.

मग त्यांनी आवाज बारीक करून विचारलं, "सत्तावन साली तुम्ही भाऊ खाईपर्यंत बसल्या होत्या. किती वेळ?"

"दादा सावकाश खाते. तवा तं दात बी होते, चावून चावून खाये. मले पाहून दुसऱ्याही बाया आपापल्याले भाकर घेऊन आल्या. कोनी इकडच्या, कोनी तिकडच्या. मंग गप्पा सुरू झाल्या. कोनाची पोरगी द्याची होती, कोनाची म्हैस व्याली होती."

"आणि मग?"

"मंग काय, ऊन उतरलं. सगळे घरी गेले."

सरांनी आपल्या वहीची जुनी पानं चाळली. मग म्हणे, हे तुम्ही मला सांगितलं नाही. म्हटलं, भाकरीचं सांगितलं होतं. तुम्ही लिहिलं नाही.

त्यांनी कोरं पान उलगडलं, चौकट काढली, खोडली, दुसरी काढली. विचारलं, बाई, तुम्हाला कोणत्या घरात लिहू? मी म्हटलं, टाके पडलेल्या पोट्ट्याले दूध पाहिजे, ते घेऊन या, मग कुठंही लिहा. गेले. दूध नासकं आणलं.

३ सप्टेंबर

सर नागपूरला गेले. जाताना ही वही मागितली. देली नाही. म्हणे, निदान तो गोटे थांबल्याचा भाग उतरवून द्या. म्हटलं, त्यात काय उतरवायचं, भाकर नेली एवढंच आहे. पत्ता लिहून ठेवून गेले.

देवीदासची पट्टी निघाली. भिवईच्या वर पांढरी रेघ राहील. आरशात पाहून खुश होऊन राहिला, अगदी बापावर गेला. विचारलं, पुढच्या साली? म्हणे, पाहू. पाहू म्हणजे जाणार.

अन् हे एक नवीनच डोक्याले लागलं. काल हापशीवर देवकाबाई म्हणे, पुढच्या साली तू कितीले निघशीन? कुठं? नदीवर, भाकर घेऊन. तिचे दोन पोट्टे आहेत. म्हटलं, तुले जायचं तं तू जा, मले काय विचारते. म्हणे, एकटी कशी जाऊ बाप्पा, तू निघाली का मी निघते. आज सकाळी मागच्या गल्लीतली सुमन आली, तेच. दुपारी पुष्पा आली. ती तं देवकाबाई निघाली तरच निघणार, अन् देवकाबाई मी निघाली तर. सांजेले गुलाब आला, सावरगावातून वहिनीचा निरोप घेऊन, का तिकडच्या आठजणी विचारून राहिल्या, आत्या कितीले उतरते ते सांग, म्हणजे आम्हीही तेवढ्याच वेळेले उतरू.

मी काय शाळेची घंटा आहे? ज्याचा पोट्टा, त्यानं जावं. पण नाही, सगळ्यांना दुसरी बाई पहिले निघाली पाहिजे. कटकट करून डोकं खाल्लं.

शेवटी सांगून टाकलं. दोन्हीकडं सांगितलं. बारा वाजता. अन् गेलं का लगेच उठायचं नाही, माणसं खाईपर्यंत बसायचं, हळू खाणाराचं होईपर्यंत. पण भाकर ज्याची त्यानं बांधून आणायची. एवढ्यांची मी थापणार नाही.